फोनचे दार किती उघडे ठेवावे?



बेणेप्रक्रिया, सरीचे अंतर, खोडव्यातले पाचट हे विषय सोडून शेतकी खात्याचा माणूस मोबाईलवर लिहायला बसला, याचे काहींना नवल वाटेल. कारण सांगतो. ऊस नोंदीच्या वेळी आपण सातबाराचा फोटो, बँक पासबुकाचे पहिले पान, कधी आधार कार्डसुद्धा व्हॉट्सॲपवर माझ्याकडे पाठविता. गटातले सभासद, तोडणी मुकादम, ट्रॅक्टरमालक, बैलगाडीवाले असे शेकडो नंबर माझ्या एका फोनमध्ये आहेत. फोन माझ्या पैशाचा असला, तरी आतला माल आपला आहे. तो कोणत्या ॲपमार्फत कोठे जातो, हे मला कळलेच पाहिजे, असे वाटू लागले.

म्हणून दोन गळीत हंगामांपूर्वी मी ग्राफीनओएस घातलेला फोन घेतला. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे फोन चालविणारी मूळ प्रणाली. बहुतेकांच्या फोनमध्ये असते ती गूगलची अँड्रॉइड. अँड्रॉइडचा मूळ आराखडा सर्वांना खुला असल्यामुळे त्यावरून दुसऱ्यालाही प्रणाली बांधता येते. ग्राफीनओएस तशीच बांधलेली आहे. हे काम २०१४ पासून चालू आहे, हे नाव २०१९ पासूनचे. कॅनडातील एक ना-नफा संस्था देणग्यांवर ते चालविते, प्रणालीला पैसे पडत नाहीत. ती मी घातली ती गूगलच्याच पिक्सेल फोनवर. गूगलची नजर टाळायची आणि फोन गूगलचाच घ्यायचा, याचे हसू येते खरे. परंतु त्या फोनमधील सुरक्षेची चिप चांगली आहे, दुसरी प्रणाली घातल्यावर कुलूप पुन्हा लावता येते, आणि पिक्सेल ८ पासून पुढच्या फोनना बाजारात आल्यापासून सात वर्षे दुरुस्त्या मिळतात. किंमत मात्र साध्या फोनपेक्षा बरीच जास्त आहे, ती घेण्याआधी घरात विचारावी.

आता मुख्य गोष्ट. साध्या अँड्रॉइडमध्ये गूगलच्या सेवांना घरच्या माणसासारखा मुक्त वावर असतो. ग्राफीनओएसमध्ये त्या सेवा मुळात नसतातच. आपण घातल्या, तर त्यांना इतर कोणत्याही ॲपइतकाच मान. पाहुणा आला, ओसरीवर बसला, चहा घेतला, माजघरात जायचे तर विचारून. मला प्ले स्टोअरमधली ॲप लागतातच, म्हणून मी त्या सेवा घातल्या आहेत. अगदीच नको म्हणणारेही लोक आहेत. पण चालू हंगामात वाहने कारखान्याच्या गेटवर उभी असताना मला तसला सोवळेपणा परवडत नाही.

माझ्या कामाला सर्वांत उपयोगी पडली ती नंबरांची सोय. व्हॉट्सॲपला नंबरांची यादी बघू दिली, की यादीतले सगळे नंबर त्या कंपनीकडे जातात. जे सभासद व्हॉट्सॲप वापरतही नाहीत, त्यांचेसुद्धा. न दिली, तर नावे दिसत नाहीत. मग नुसत्या नंबरावरून 'साहेब, टोळी कधी येणार?' असा निरोप आला, की कोण विचारतंय हे आधी विचारावे लागते. हंगामात दिवसातून वीस वेळा असे विचारणे शक्य नाही. ग्राफीनओएसमध्ये ॲपला यादी दिल्यासारखी दाखवून प्रत्यक्षात आपण निवडलेलेच नंबर देता येतात. मी 'हंगाम' नावाचा एक गट केला आहे. त्यात शेतकी कर्मचारी, मुकादम, वाहनमालक आणि ज्यांची तोड चालू आहे ते सभासद. तोड संपली की सभासदाचे नाव त्या गटातून काढतो. एकदा गेलेला नंबर त्यामुळे परत येत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी संपूर्ण यादी जाण्यापेक्षा हे बरे. फोटोंचेही तसेच, ॲपला मी दाखविलेल्या फोल्डरपलीकडचे पासबुक दिसत नाही.

दुसरी सोय इंटरनेटची. कोणत्याही ॲपचे इंटरनेट पूर्ण तोडता येते. खतमात्रा काढणाऱ्या ॲपला इंटरनेट कशाला? तोडले. कीबोर्डचेही तोडले, कारण आपण टाईप केलेले प्रत्येक अक्षर कीबोर्डच्या हातून जाते. मराठी त्यावाचून व्यवस्थित उमटते. पाटाने पाणी सोडले की सगळ्या रानभर पसरते, ठिबकला प्रत्येक ओळीचा व्हॉल्व्ह निराळा. हे तसेच आहे, आणि ठिबकप्रमाणेच पहिल्या आठवड्यात डोके उठते.

गैरसोयीही सांगितल्या पाहिजेत. एका बँकेचे ॲप या फोनवर उघडलेच नाही. काही ॲप फोनला गूगलची मान्यता आहे की नाही हे गूगललाच विचारतात, आणि ग्राफीनओएसला ती मान्यता नाही. कुलूप जास्त पक्के असले तरी दाखला नाही, म्हणून प्रवेश नाही! शेवटी बँकेत नोंदलेले सिम जुन्या फोनमध्ये घालून तो घरी कपाटात ठेवला आहे. यूपीआयचे एक ॲप मात्र चालते. त्याला एसएमएसची परवानगी द्यावी लागली, कारण नोंदणी करताना आपल्याच सिमवरून निरोप जाऊन नंबर पडताळला जातो. ही परवानगी कामाची आहे, तिथे हात आखडून उपयोग नाही. परंतु ते ॲप मी पगाराच्या खात्याला जोडलेले नाही. लहान खाते निराळे काढून त्यात लागेल तेवढेच पैसे ठेवतो. सभासदांनीही उसाचे बिल जमा होते ते खाते यूपीआयला जोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याला महागडा फोन लागत नाही.

आणखी एक. हा फोन अठरा तास कोणी उघडला नाही, तर आपणहून बंद होऊन पुन्हा चालू होतो आणि पिन टाकेपर्यंत आतले सगळे कुलपात राहते. चोराच्या हाती गेल्यास फार चांगले. पण तोवर येणाऱ्या फोनचा नुसता नंबर दिसतो, नाव नाही, आणि व्हॉट्सॲपही मुके. ही मुदत कमीजास्त करता येते. पिनचे आकडे दर वेळी जागा बदलतील अशीही सोय आहे. वजनकाट्याच्या रांगेत मागचा माणूस खांद्यावरून बघत असतो, तेव्हा ती उपयोगी. एका हातात स्लिपांचा गठ्ठा असला की वैताग. जबरदस्तीने पिन विचारल्यास निराळा पिन टाकून फोन पुसून टाकण्याची सोय २०२४ मध्ये आली आहे. ती मी चालू केलेली नाही. पुसले ते परत येत नाही, आणि ऐन डिसेंबरमध्ये नोंदी गेल्या तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

सर्व सभासदांनी असा फोन घ्यावा, असे माझे म्हणणे मुळीच नाही. त्यातले पुष्कळसे आता साध्या फोनवरही मिळते. ठिकाण अंदाजे द्यायचे की नेमके, ही निवड अँड्रॉइड १२ पासून, म्हणजे २०२१ पासून आहे. निवडक फोटोच देण्याची सोय अँड्रॉइड १४ मध्ये आली. आयफोनवर निवडक नंबर देणे २०२४ पासून जमते. ई-पीक पाहणीच्या ॲपला कॅमेरा आणि नेमके ठिकाण लागतेच, आपण रानात उभे आहात की नाही हे त्याला कळायला हवे. तेव्हा ते द्यावे, पण 'ॲप वापरत असतानाच' एवढेच निवडावे. बॅटरीच्या उजेडाचे ॲप ठिकाण आणि नंबर मागू लागले, तर ते सरळ काढून टाकावे.

आणि एक गोष्ट माझ्या फोनलाही अडविता येत नाही. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका, आरटीओचे चलान किंवा पीएम किसानचा हप्ता अशा नावाने एपीके फाईल येते. उघडली की ती ॲप घालायला सांगते, मग एसएमएस वाचण्याची परवानगी मागते. आपण 'होय' म्हटले की बँकेचा ओटीपी तिकडे जातो. पक्क्या वाड्याचा दिंडी-दरवाजा आतून आपणच उघडला, तर भिंती काय करणार? बिले जमा होण्याच्या दिवसांत या फायली ओळखीच्या नंबरावरूनही येतात, कारण त्या माणसाचा फोन आधी गेलेला असतो. पत्रिका फोटो किंवा पीडीएफमध्ये येते, तिला ॲप लागत नाही. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करावा; पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडविता आले तरच हाती लागतात.

राहिला घरातला प्रश्न. आपल्याकडे एक फोन सगळे घर वापरते. नातू खेळ खेळतो, सूनबाई रील बघते, त्याच फोनवर बँकेचे निरोप. ग्राफीनओएसमध्ये मी मुलांसाठी निराळे खाते उघडून दिले आहे, त्यांचे खेळ तिकडे, सभासदांचे कागद इकडे. अनेक साध्या फोनमध्येही 'पाहुणा' किंवा दुसरा वापरकर्ता अशी सोय असते, फक्त ती सेटिंगमध्ये दडलेली असते. सापडत नसेल तर सोमवारी गट ऑफिसला फोन घेऊन या. शेतकी कर्मचारी दाखवतील. पिन मात्र आपला आपणच टाकावा, त्यांना सांगू नये.