कुंडलिका नदी : स्थानिक भूगोलाचा एक पाठ

कोकणातील नद्या आखूड व वेगवान असून पावसाळा सरताच त्यांचे पात्र कोरडे पडू लागते, असे आपण मुलांस शिकवितो. खांब परिसरातील मुलांस मात्र हे शिकविताना अडचण येते. त्यांना जवळची असलेली कुंडलिका ऐन वैशाखातही कोलाडपाशी वाहताना दिसते. हा अपवाद का घडला, हेच ह्या पाठाचे मर्म होय.

पाठाचा आरंभ सुकेळी खिंडीपासून करावा. नागोठण्याहून महामार्गाने दक्षिणेकडे निघाले की ही खिंड लागते व ती उतरल्यावर खांब येते. खिंडीच्या उत्तरेस पडलेला पाऊस अंबा नदीवाटे धरमतरच्या खाडीत जातो. दक्षिणेचा कुंडलिकेत उतरून रेवदंड्याच्या खाडीस मिळतो. 'जलविभाजक' हा जड शब्द फळ्यावर लिहिण्यापूर्वी मुलांस कौलारू घराचे आढे दाखवावे. आढ्याच्या दोन बाजूंस पागोळ्या गळतात, तसेच हे आहे.

कुंडलिका भिऱ्याच्या वरील सह्याद्रीत उगम पावते आणि कोलाड व रोह्यावरून पश्चिमेस जाते. पुढे तिच्यात भरतीचे पाणी चढते व नदीची खाडी होते. मुखाशी एका बाजूस रेवदंडा, तर दुसऱ्या बाजूस कोर्लईचा किल्ला आहे.

आता तिच्या बारमाही पाण्याविषयी. घाटमाथ्यावरील मुळा नदी मूळची पूर्ववाहिनी. तिचे पाणी मुठा, भीमा व कृष्णा ह्यांच्या संगतीने बंगालच्या उपसागरास जावयाचे. टाटा कंपनीने मुळशी येथे धरण बांधून ते अडविले आणि सुमारे ५०० मीटर खाली भिरा येथील वीजगृहात सोडले. हे वीजगृह १९२७ साली सुरू झाले. वीज निर्माण करून सुटलेले पाणी कुंडलिकेत येते. पुढे डोलवहाल येथील बंधाऱ्यावरून ते कालव्यांत वळविले जाते व त्यावर उन्हाळी भात पिकते.

ह्या पाण्यासाठी मावळातील शेतकऱ्यांच्या जमिनी बुडाल्या. त्याविरुद्ध १९२१ ते १९२४ ह्या काळात सेनापती बापट ह्यांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला. आपल्या बाजूच्या हिरव्या शेताची ही किंमत पाठात गाळू नये.

आणखी एक गोष्ट नकाशापेक्षाही निकडीची आहे. वीजगृह चालू होताच, आकाश निरभ्र असतानाही, नदीचे पाणी थोड्या वेळात वाढते. पात्रातील खडकावर बसलेल्या मुलास पावसाची चाहूल लागते, पण ह्या पाण्याची लागत नाही. म्हणून नदीकाठची सहल काढण्यापूर्वी पाणी सोडण्याच्या वेळा स्थानिक लोकांकडून विचारून घ्याव्यात आणि मुलांस पात्रात उतरू देऊ नये.

पाठासाठी केवळ जिल्ह्याचा नकाशा पुरणार नाही. (जुन्या नकाशावर 'कुलाबा' असे नाव असेल; 'रायगड' हे नाव १९८१ पासूनचे.) मुळशी पुणे जिल्ह्यात येते, तेव्हा राज्याचा नकाशा टांगावा आणि मुळेचा जुना पूर्वमार्ग व भिऱ्याकडे वळविलेला नवा मार्ग दोन रंगांच्या खडूंनी फळ्यावर काढून दाखवावा.