दह्यातले 'नायसिन' आणि दुकानदाराची अब्रू

सोनपेठच्या बाजारात दूध, दही, खवा, पनीर विकणाऱ्याची सारी पत एका शब्दावर असते : 'आमच्या मालात काही घातलेले नाही.' पण तपासणीत मालामध्ये जंतुनाशक द्रव्य निघाले, तर ते आले कुठून हे सांगता यायला हवे. म्हणून आज आम्ही 'नायसिन'ची माहिती देत आहोत.

दूध विरजवणाऱ्या जंतूंपैकी काही जंतू नायसिन स्वतःच तयार करतात. या गुणाची पहिली नोंद १९२८ साली अमेरिकेत झाली. आज नायसिनची पावडर विकत मिळते. आपल्या नियमांप्रमाणे चीजमध्ये किलोमागे १२.५ मिलिग्रॅमपर्यंत ते चालते. लेबलावर त्याचा क्रमांक २३४.

ते ओळखतात कसे? चायना ग्राससारख्या 'आगर'च्या थरात नायसिनने चटकन मरणारे जंतू मिसळतात. थराला छिद्रे पाडून त्यांत नमुन्याचा अर्क भरतात आणि रात्रभर उबेत ठेवतात. जंतू वाढून थर धुरकट होतो. नायसिन असेल तर छिद्राभोवती स्वच्छ कडे उरते. कडे जितके मोठे, तितकी मात्रा जास्त.

मात्र कडे दिसले म्हणजे नायसिनच, असे नव्हे. गायीला टोचलेले पेनिसिलीन दुधात उतरले तरी कडे पडते. म्हणून अर्कात कायमोट्रिप्सिन हे पाचक द्रव्य घालून पुन्हा पाहतात. नायसिन पचून जाते आणि कडे नाहीसे होते. पेनिसिलीनचे कडे तसेच राहते. पण नायसिन विरजणातून आले की वरून घातले, हे कडे सांगत नाही. ते तुमच्या वहीनेच सांगायचे.

तेव्हा बांधवांनो, विरजण कुठून आणले ते लिहून ठेवा. जनावराला इंजेक्शन दिले होते का, हे गवळ्याला विचारा. पावडर वापरली तर लेबलावर नमूद करा. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे नमुन्याचे चार भाग होतात. त्यातील एक मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवा, अशी मागणी तुम्ही करू शकता. अहवाल पटला नाही तर तीस दिवसांत अपील करता येते. काही शंका असल्यास परभणीच्या कृषी विद्यापीठाचे अन्नतंत्र महाविद्यालय जवळच आहे.

आणखी एक. नायसिनने बुरशी मरत नाही, शेणामातीतून येणारे कित्येक जंतूही मरत नाहीत. घासलेल्या भांड्याचे काम पावडर करणार नाही.