त्याला विचारायचं राहून गेलं

सरळगावच्या नाक्यावर माझं किराणा दुकान आहे. इथून एक रस्ता मुरबाडमार्गे कल्याणला जातो, एक माळशेज घाटाकडे आणि एक किन्हवलीमार्गे शहापूरला. एस.टी.ची वाट पाहणारी माणसं दुकानासमोरच्या बाकड्यावर बसतात, आणि बसली की बोलतात. मी कविता लिहितो, तेव्हा दोन शब्द शहाणपणाचेही मला येत असतील, असा त्यांचा समज. माझाही तसाच समज होता.

काही वर्षांपूर्वी बारावीत नापास झालेला एक मुलगा त्या बाकड्यावर येऊन बसला. मी त्याला अर्धा तास समजावलं. आई-बापाचे कष्ट, पुन्हा परीक्षा देता येते, खचायचं नाही, सगळं सांगितलं. मान हलवून तो निघून गेला. आठ दिवसांनी त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला. नशिबाने वाचला. पुढे एकदा भेटला तेव्हा म्हणाला, "चाचा, तुम्ही बोललात ते सगळं बरोबर होतं. पण मला काय झालंय, ते तुम्ही विचारलंच नाही." त्याच्या घरात जमिनीच्या पैशावरून बाप आणि चुलते एकमेकांवर धावून जात होते. नापास होणं हा त्यातला शेवटचा घाव.

हे आज सांगतो आहे, कारण माझी पुतणी कल्याणला मानसशास्त्र घेऊन बी.ए. करते आहे. तिला समुपदेशक व्हायचं आहे. घरात पहिला प्रश्न आला, "म्हणजे वेड्यांची डॉक्टर का?" दुसरा आला, "पोट भरेल का त्यावर?" उत्तरं शोधता शोधता मीच तिची पुस्तकं चाळू लागलो.

आपण रोज 'सल्लामसलत' म्हणतो. यातले सल्ला आणि मसलत हे दोन्ही शब्द मूळचे अरबी; मराठीने ते कधीच आपलेसे केले. 'समुपदेशन' हा शब्द संस्कृतातून घडवलेला, आणि त्याच्या पोटात 'उपदेश' दडलेला. गंमत अशी, की या अभ्यासाचा पहिलाच धडा म्हणजे उपदेश करायचा नाही आणि सल्ला द्यायची घाईही करायची नाही. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४२ साली समुपदेशनावर एक महत्त्वाचं पुस्तक लिहिलं. पुढे त्याने तीन गोष्टींवर भर दिला. समोरच्याचं दुःख त्याच्या जागी उभं राहून समजून घ्यायचं, कुठलीही अट न घालता त्याला माणूस म्हणून स्वीकारायचं, आणि स्वतः आतबाहेर एक राहायचं. माझ्या त्या अर्ध्या तासात यातली एकही गोष्ट नव्हती.

आता पदवीविषयी. आपल्याकडे नुसत्या समुपदेशनाची पदवी क्वचितच आढळते. बहुतेक मुलं-मुली मानसशास्त्र घेऊन बी.ए. करतात. त्यात मुलाची वाढ कशी होते, माणूस समूहात कसा वागतो, स्मरण आणि विचार कसे चालतात, मनाचे आजार कोणते, हे शिकवतात. कला शाखेच्या मुलांना नकोसं वाटणारं संख्याशास्त्रही त्यात असतं, कारण मानसशास्त्रीय चाचणीचे आकडे त्याशिवाय वाचता येत नाहीत. समुपदेशन हा त्यातला एक विषय. पुढे एम.ए. किंवा पदव्युत्तर पदविका करावी लागते. बी.ए. झालेल्याने दारावर 'मानसोपचारतज्ज्ञ' अशी पाटी लावू नये; ते डॉक्टरांचं काम. 'चिकित्सा मानसशास्त्रज्ञ' म्हणवून घ्यायलाही भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. आपली हद्द कुठे संपते आणि रुग्णाला डॉक्टरकडे कधी पाठवायचं, हे ओळखणं हाही अभ्यासाचाच भाग आहे.

मुरबाड तालुक्यात अजून रेल्वे पोचलेली नाही. शहापूरच्या मुलांना निदान आसनगावहून लोकल मिळते. रोज कल्याण-ठाणे गाठणं ज्यांना जमत नाही, विशेषतः लग्न झालेल्या मुलींना, त्यांच्यासाठी घरबसल्या शिकण्याची वाट होती. २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या सत्रापासून विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश बंद करायला सांगितलं. त्यामागे २०२१ चा संलग्न आरोग्य व्यवसायांचा कायदा आहे. त्या कायद्यात समुपदेशकही येतात, आणि आरोग्य व्यावसायिक म्हणवून घ्यायला किमान ३,६०० तासांचं शिक्षण लागतं, असं तो सांगतो.

निर्णयामागचं कारण मला पटतं. समोर बसलेल्या माणसाचं ऐकायचं कसं, हे पोस्टाने आलेल्या पुस्तकातून येत नाही. कुणीतरी शेजारी बसून चुका दाखवाव्या लागतात. पण मग ते शेजारी बसणं आमच्या तालुक्यापर्यंत यायला नको का? दार बंद करणाऱ्यांनी दुसरं दार जवळ उघडून द्यायला हवं.

कारण दुःखाची भाषा गावागणिक बदलते. आमच्याकडे कुणी 'मला नैराश्य आलंय' म्हणत नाही. 'जीव लागत नाही', 'घरात पाय ठरत नाही', 'डोकं भणभणतं' असं म्हणतात, आणि आधी भगताकडे जातात. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी घरातलं पोर आश्रमशाळेत गप्प गप्प का राहतं, समृद्धी महामार्गाला जमीन गेल्यावर दोन भावांत अबोला का येतो, हे इथल्या माणसाला फोड करून सांगावं लागत नाही. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली संस्था सुरू केली आणि मनाच्या आरोग्यावर मराठीतून मोकळेपणी बोलायची सवय लावली. तीच सवय घाटाच्या पायथ्यापर्यंत यायला हवी. मात्र गावात प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो. त्यामुळे ऐकलेलं पोटात ठेवणं हे इथल्या समुपदेशकाला शहरापेक्षा अवघड जाणार आहे. पुतणीला मी हेच पुन्हा पुन्हा सांगतो, आणि सांगता सांगता पुन्हा उपदेशच करतोय हे लक्षात आलं, की गप्प बसतो.

पालकांनी एवढं करावं. प्रवेश घेण्याआधी अभ्यासक्रमाला मान्यता आहे का, प्रात्यक्षिकं किती आणि कुणाच्या देखरेखीखाली होतात, पुढच्या शिक्षणाला ही पदवी चालते का, हे लेखी विचारावं. आणि पोलिसांच्या भीतीने आत्महत्येचा प्रयत्न लपवू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरलं जातं. तिला शिक्षा करायची नसते, तिला आधार द्यायचा असतो.

'टेलि-मानस' ही सरकारी दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा नंबर मी दुकानात भावफलकाच्या खाली खडूने लिहून ठेवला आहे. पुसट झाला की पुन्हा गिरवतो. आणि बाकड्यावर कुणी गप्प बसलेलं दिसलं, तर चहा पुढे करून एवढंच विचारतो, "काय झालंय?"

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)