श्रद्धाविषयक संवाद आणि आपली शाळा

धर्मशिक्षण हा शब्द उच्चारताच शिक्षकवर्गात दोन प्रतिक्रिया उमटतात. काहींस तो नीतिशिक्षणाचा पर्याय वाटतो. काहींस तो शाळेच्या उंबरठ्याबाहेरच राहावा असे वाटते. परंतु शिक्षकाने सांगावे आणि मुलांनी ऐकावे, याच रीतीने धर्माचा विषय शाळेत येऊ शकतो, हे दोन्ही पक्ष गृहीत धरतात. या लेखात आम्हांस विचार करावयाचा आहे तो निराळ्या रीतीचा. मुलांनी आपल्या घरची श्रद्धा, जगाकडे पाहण्याची दृष्टी आणि वाट्यास आलेला अनुभव परस्परांस सांगावा व परस्परांचा ऐकावा, यास आम्ही श्रद्धाविषयक संवाद म्हणतो.

कायद्याची मर्यादा प्रथम स्पष्ट केलेली बरी. राज्यघटनेच्या 28 व्या अनुच्छेदाप्रमाणे पूर्णपणे सरकारी निधीवर चालणाऱ्या शाळेत धर्मोपदेश देता येत नाही, आणि मान्यताप्राप्त वा अनुदानित संस्थेतही कोणाच्या संमतीवाचून त्यास तशा शिक्षणास वा उपासनेस बसविता येत नाही. तथापि धर्मोपदेश वेगळा आणि धर्मांविषयीचे ज्ञान वेगळे, हा भेद कोठारी आयोगाने (1964-66) केला आणि अरुणा रॉय खटल्याच्या 2002 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केला. म्हणजे दार बंद नाही. आत काय आणावे हा प्रश्न आहे. महात्मा गांधींनी 1937 च्या वर्धा शिक्षण योजनेत धर्मशिक्षणास स्थान दिले नाही, त्याचे कारणही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. धर्म ज्या रीतीने शिकविले व आचरिले जातात, त्यातून ऐक्याऐवजी कलह वाढेल, अशी त्यांस भीती वाटत होती. आक्षेप होता तो शिकविण्याच्या रीतीवर.

आता आमच्या परिसराकडे वळू. दुधनी हे दमणगंगेवरील मधुबन धरणाच्या जलाशयाकाठचे गाव. दादरा व नगरहवेलीचा हा मुलूख अठराव्या शतकाच्या अखेरीपासून 1954 पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली होता. 1961 साली तो भारतात विधिवत विलीन झाला आणि 2020 पासून दमण व दीवसह एकाच केंद्रशासित प्रदेशाचा भाग आहे. 2011 च्या जनगणनेत दादरा व नगरहवेलीच्या लोकसंख्येपैकी सुमारे 52 टक्के लोक अनुसूचित जमातींचे होते. वारली, कोकणा, धोडिया, काथोडी अशा समाजांची मुले येथे एका बाकावर बसतात. एखाद्याच्या घरी हिरवा देवाची पूजा असते, एखाद्याच्या घरी गणपती बसतो, एखादे घर रविवारी प्रार्थनेस जाते.

या मुलांपुढे आपण धर्मांची माहिती ठेवतो ती बहुधा एका तक्त्याच्या रूपाने: संस्थापक, ग्रंथ, प्रार्थनास्थळ, सण. वारली मुलाने हा तक्ता आपल्या घरासाठी भरू पाहिला तर काय होईल? संस्थापक नाही, ग्रंथ नाही, देऊळ म्हणावे तर रानातला वाघदेव उघड्यावरच असतो. रकाने रिकामे राहतात आणि मूल मनाशी अनुमान काढते की आपल्यापाशी काहीच नाही. खरे पाहता त्याच्यापाशी पुष्कळ आहे. लग्नात सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघट देवी असते. धवलेरी गाण्यातून विधी चालविते. कणसरी ही धान्याची देवता आहे, नारनदेव पावसाचा आहे. येथे ग्रंथाचे काम गाणे करते आणि देवळाचे काम चौक व शेत करतात. तक्ता खोटा नाही. तो ग्रंथप्रधान धर्मांच्या मापाने शिवलेला आहे. मुलाच्या मनात बसणारी ही हीनता आम्हांस अज्ञानापेक्षाही घातक वाटते, कारण ती शाळेनेच दिलेली असते.

यावर उपाय म्हणून जो संवाद आम्ही सुचवीत आहो, त्याची उदाहरणे आपल्याच वाङ्मयात आहेत. फादर स्टीफन्स यांचे 1616 साली रायतूर येथे छापलेले ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओवीचे वैभव आहे. त्यात श्रोता शंका विचारतो आणि गुरू निरसन करतो. मात्र तेथे उत्तर आधीच ठरलेले असते, म्हणून रूप संवादाचे असूनही तो उपदेश होय. सोळाव्या शतकातील एकनाथांचा ‘हिंदु-तुर्क संवाद’ याहून निराळा. दोघेही परस्परांच्या आचारांवर रोखठोक आक्षेप घेतात, काही लपवीत नाहीत, आणि अखेरीस आलिंगनापर्यंत येतात. कोणी कोणाचा धर्म मात्र घेत नाही. जोतीराव फुले यांच्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ या 1891 साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात तर एकाच कुटुंबातील माणसांनी आपापल्या पसंतीचे वेगवेगळे धर्म स्वीकारून परस्परांचा द्वेष न करता नांदावे, अशी कल्पना आहे. आणि लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त ती कल्पना किती कष्टाने जगावी लागते हे दिसते. 1895 साली पतीने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा 1900 साली झाला. मधल्या काळात सोवळ्याओवळ्याची त्यांची पकड सुटत गेली, ती वादविवादातील पराभवाने सुटली नाही; रोजच्या अनुभवाने सुटली. श्रद्धा आणि अनुभव यांचे नाते शिक्षकाने समजून घ्यावे ते येथे.

म्हणून वर्गातील संवादाचा आरंभ देवाच्या नावापासून न करता अनुभवापासून करावा, असे आमचे मत आहे. नवा भात घरात आल्यावर प्रथम काय करतात? घरी मूल जन्मले, आजोबा वारले, तेव्हा काय झाले? या प्रश्नांस प्रत्येक घरी उत्तर आहे, आणि कोणताही रकाना रिकामा राहत नाही. जलाशयाकाठच्या मुलांस विचारावयाचा आणखी एक प्रश्न आहे: जमीन पाण्याखाली गेली तर त्या जमिनीवरचा देव कोठे जातो? याचे उत्तर पाठ्यपुस्तकात नाही. विस्थापित घरातील मूल त्यावर जे बोलेल ते ऐकणे हेच त्या तासाचे शिक्षण.

संवादाचे नियम थोडे पण कडक असावेत. ‘आमच्या घरी’ असे म्हणावे, ‘तुमच्यात’ असे म्हणू नये. ‘का करता’ यापूर्वी ‘काय करता’ हे विचारावे, कारण नकळत ‘का’ मध्ये जाब असतो. मौन राखण्याचा हक्क प्रत्येकास असावा. वारली बोलीत सांगणाऱ्यास त्याच बोलीत सांगू द्यावे. श्रद्धेचे शब्द प्रमाण भाषेत आणताना त्यांतला जीव जातो. श्रद्धेवर गुण देऊ नयेत. शिक्षकास त्याची श्रद्धा कोणी विचारलीच तर त्याने ती स्वतःची म्हणून सांगावी, शाळेची म्हणून नव्हे.

दोन आक्षेपांचा विचार अवश्य आहे. पहिला असा की, सर्व श्रद्धांस सारखा मान दिला तर सत्यासत्याचा विवेक राहणार नाही. यास आमचे उत्तर असे की, मान माणसास द्यावयाचा आहे, प्रत्येक विधानास नव्हे. साप चावल्यावर भगताकडे न्यावे की दवाखान्यात, या प्रश्नात शिक्षकाने तटस्थ राहणे हा अपराध ठरेल. प्रतिविष दवाखान्यातच मिळते हे त्याने निःसंदिग्ध सांगितले पाहिजे. मात्र भगताचा उपहास न करताही हे सांगता येते, आणि उपहास टाळल्यानेच ते घरापर्यंत पोहोचते. दुसरा आक्षेप पालकांचा असतो: या निमित्ताने मुलास कोणी दुसऱ्या धर्मात ओढील, किंवा नव्या धर्मात गेलेल्यास मागे खेचील. ही भीती हसण्यावारी नेण्याजोगी नाही. कोणी कोणाचे मन वळवावयाचे नाही, हा नियम पालकांसमोर आधीच मांडावा आणि त्यांपैकी कोणालाही तासास येऊन बसण्याची मुभा असावी.

इंग्लंडमध्ये 1944 च्या कायद्याने शाळांत धर्मशिक्षण आवश्यक केले. तेथील एका आयोगाने 2018 साली या विषयास ‘धर्म व जीवनदृष्टी’ असे नाव द्यावे असे सुचविले, जेणेकरून धर्म न मानणाऱ्या घरांचीही दृष्टी त्यात यावी. आपणांस असा स्वतंत्र विषय नको आणि त्याचे पुस्तकही नको. भाषेच्या तासातील निबंध, इतिहासातील संत, परिसर अभ्यासातील सण, एवढी जागा पुरेशी आहे. ज्या मुलाने आपल्या घरची कणसरी वर्गात निःसंकोच सांगितली आणि शेजाऱ्याच्या घरची प्रार्थना शांतपणे ऐकून घेतली, त्यास घटनेतील सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याचा अर्थ वेगळा शिकवावा लागणार नाही.