पर्णकुटीची आठवण आणि निवाऱ्याचे दान

आश्विन मास हा सणांचा महिना. घट बसतात, सोने लुटले जाते आणि कोजागिरीचे दूध आटते न आटते तोच दिवाळीची चाहूल लागते. साधारण याच दिवसांत आपल्या महाराष्ट्रातील आणखी एका समाजाच्या घरीही सण असतात, हे पुष्कळांच्या गावीही नसते. कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतके नांदलेला, घाण्यावर तेल गाळणारा आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारा म्हणून ‘शनवार तेली’ म्हणविला गेलेला हा बेने इस्राएल समाज होय.

त्यांच्या जुन्या सणांची नावे आपल्या कानाला परकी वाटत नाहीत. दारे लावून उपवास करावयाचा, तो दारफाळणीचा सण. त्याचा दुसरा दिवस शिळा सण. त्या दिवशी आप्तेष्टांच्या भेटी घ्यावयाच्या आणि गोरगरिबांस दान द्यावयाचे, असा परिपाठ. पुढे चार दिवसांनी, पौर्णिमेच्या सुमारास, यहुदी धर्मातील मांडवांचा सण सुरू होतो. मिसर देशातील दास्यातून सुटलेले पूर्वज चाळीस वर्षे रानोमाळ भटकले, त्याची ही स्मृती. पक्के घर असूनही सात दिवस पानाफांद्यांच्या मांडवाचा आश्रय घ्यावयाचा, तो आपणही एकेकाळी बेघर होतो हे विसरू नये म्हणून. दानाला हिब्रू भाषेत ‘त्झेदाका’ म्हणतात, आणि त्या शब्दाचे मूळ न्याय या अर्थाचे आहे. देणारा उपकार करीत नाही, तो देणे फेडतो.

ही शिकवण पोथीतच राहिली नाही. छळामुळे बगदाद सोडून मुंबईस आलेले डेव्हिड ससून येथे धनाढ्य झाले. त्या धनात अफूच्या व्यापाराचाही वाटा होता, हे इतिहासाने लपविलेले नाही. परंतु पुण्यात निराधार व पंगू जनांसाठी त्यांनी जे आश्रयस्थान उभारले, त्याचे दार यहुदीतरांसही उघडे होते. १८६४ साली पुण्यातच त्यांचे देहावसान झाले. नवी पेठेतील ती संस्था आजही ‘निवारा’ या नावाने वृद्धांचा आधार आहे.

१९३४ साली मुंबईत ज्युइश रिलीफ असोसिएशन स्थापन झाली. हिटलरच्या अत्याचारांतून सुटून आलेल्या कुटुंबांच्या निर्वाहाची हमी तिने सरकारला दिली. त्यामुळे कित्येकांस या भूमीवर पाय ठेवता आला.

आम्हांस येथे पंचवटीची पर्णकुटी आठवते. चौदा वर्षे वनवास भोगून प्रभू रामचंद्र स्वगृही परतले, त्या आनंदाचे दीप आपण दिवाळीत लावतो. म्हणजे दिवाळी हाही घर मिळाल्याचाच सण! मग ज्यांना दारच नाही, त्यांची पणती कोठे लागावी? फराळाची ताटे भरताना एक ताट जवळच्या निवारागृहातील कुटुंबासाठी भरावे. उपकार म्हणून नव्हे, देणे म्हणून.