वाईन टूरला नाशिकला कधी जायचं?

पावसाळ्यात जाताय? डोंगर हिरवेगार दिसतील, पण पिंपळगाव बसवंतच्या बागांत सहसा घड दिसणार नाहीत. इथे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडी तयार होते, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर घड लागतात. म्हणून युरोपात ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये होणारी द्राक्षतोडणी इथे जानेवारी ते मार्चमध्ये होते.

पिंपळगावातली बहुतेक द्राक्षं खायची. वाईनच्या जाती वेगळ्या, लहान दाण्याच्या. वायनरीत रस निघताना बघायचा तर फेब्रुवारी गाठा. फक्त एक लक्षात ठेवा: याच दिवसांत एक गारपीट शेतकऱ्याचं वर्ष बुडवते. फोटोसाठी बागेत शिरण्याआधी मालकाला विचारा.