स्मरणिकेच्या पानावर स्तंभ किती असावेत?

गणेशोत्सव जवळ आला की कांजूरमार्ग, भांडुप, विक्रोळी परिसरातील मंडळांची स्मरणिकेसाठी धावपळ सुरू होते. अध्यक्षांचे मनोगत, जमाखर्च, जाहिराती असा सारा ऐवज डीटीपी करणाऱ्याच्या हाती सोपविला जातो आणि ‘वर्तमानपत्रासारखे दिसू द्या’ एवढीच सूचना केली जाते. मग पानाचे तीन स्तंभ पाडले जातात आणि छापून आल्यावर ओळींमध्ये पांढरी भगदाडे दिसू लागतात.

मराठीला स्तंभ नवे नाहीत. ६ जानेवारी १८३२ रोजी निघालेल्या बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’मध्ये मराठी व इंग्रजी मजकूर शेजारी-शेजारी दोन स्तंभांत छापला जाई. अडचण आहे ती रुंदीची. ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद असतो. दोन्ही बाजूंना दोन-दोन सेंटिमीटर समास आणि स्तंभांमध्ये अर्धा सेंटिमीटर जागा सोडली, तर दोन स्तंभांत प्रत्येकी सव्वाआठ सेंटिमीटर मिळतात. तीन केल्यास जेमतेम ५.३. बारा पॉइंटच्या अक्षरात एवढ्या ओळीत चारेक शब्द मावतात. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात. ‘महानगरपालिकेच्या’ किंवा ‘कांजूरमार्गपासून’ असा शब्द ओळीत मावला नाही की तो खाली उतरतो आणि दोन्ही कडा सरळ ठेवण्याच्या आज्ञेमुळे उरलेले दोन-तीन शब्द ताणले जातात.

पूर्वी खिळे जुळविणारा जुळारी असा शब्द अर्थ पाहून तोडत असे. पेजमेकरच्या काळात ते काम संगणकावर गेले, पण तेव्हाच्या मराठी फाँटमध्ये अक्षरांचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसविलेले असत. संगणकाच्या लेखी तो इंग्रजीच मजकूर! त्यामुळे शब्दतोड चालू राहिली तर ‘शिक्षण’मधली वेलांटी ओळीअखेर आणि ‘श’ पुढच्या ओळीत, असाही प्रकार घडे. युनिकोडने हा घोळ मिटविला. कांजूरमार्ग स्थानकापासून जवळच, पवईच्या आयआयटीत अध्यापन केलेल्या र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला ‘मंगल’ हा याच युनिकोड पिढीतला फाँट. इनडिझाइनमध्येही २०१२ च्या सीएस-६ आवृत्तीपासून मराठीची जोडाक्षरे नीट जुळतात. तरीही शब्द कुठे तोडावा, हे माणसाने पाहिलेले बरे. ‘महानगर-पालिकेच्या’ चालेल, ‘महान-गरपालिकेच्या’ हसे करील.

म्हणून मनोगत व लेखांना दोन स्तंभ पुरेत. तीनच हवे असतील, तर उजवी कड मोकळी सोडावी. ओळी कमी-जास्त लांबीच्या दिसतील, पण भगदाडे पडणार नाहीत. देणगीदारांच्या यादीला मात्र तीन स्तंभ शोभतात, कारण तिथे एका ओळीत एकच नाव असते. जमाखर्चाला स्तंभ नकोतच, सरळ तक्ता करावा.

सर्वांत महागात पडते ती आणखी एक चूक. एका स्तंभातला मजकूर दुसऱ्याला जोडून पुढे नेला जातो. शेवटच्या स्तंभात तो मावला नाही, तर इनडिझाइन चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात लाल अधिकचिन्ह दाखविते. पेजमेकर लाल त्रिकोण दाखवीत असे. छापील मुद्रितात हे चिन्ह उमटत नाही, मजकूर मात्र गायब असतो आणि तो नेहमी शेवटचाच असतो. यादी असेल, तर तळातल्या देणगीदारांची नावे. तेव्हा छपाईला धाडण्यापूर्वी डीटीपीवाल्याच्या पडद्यावरच प्रत्येक यादीचे शेवटचे नाव मूळ कागदाशी ताडून पाहावे.